सरस

आधी फटी बुजवा, मी म्हटलं,
मग शेगडीचं बोलू.
दाराखालून बर्फाची बारीक रेघ आत आली होती,
चाळण हलवताना पीठ सांडावं तशी.

बाहेर उणे एकतीस. आत उणे अकरा.
ओरेस्ट दानिलचुक, वय चौऱ्याहत्तर,
कानटोपी, बिनबोटांचे हातमोजे,
डॉफिनच्या उत्तरेला नऊ मैलांवर, गॅरेजच्या पोटात.
माझ्या गाडीवर लिहिलेलं: देजार्ले हीटिंग.
माझं काम ठरलेलं. लांबी, रुंदी, उंची,
भिंतीत काय भरलंय ते ठोकून ऐकायचं,
आणि शेवटी कागदावर एक आकडा लिहायचा
जो वाचून माणसं खिडकीबाहेर बघतात.

बावीस बाय चोवीस. भिंतींत लाकडाचा भुसा,
तोही चाळीस वर्षांत खाली बसलेला,
वरचा हातभर भाग नुसता पोकळ.
टेबलावर एक त्सिंबाली उताणी,
शंभरावर तारांचं, दोन काड्यांनी वाजवायचं, लग्नातलं वाद्य.
तारा उतरवलेल्या. पाठीला चीर.

लाकडाची चूल?
मला आवडते, तो म्हणाला, विमा कंपनीला नाही.
भुशाच्या खोलीत ठिणगी पाळू नये
असं त्यांनी पत्र पाठवून कळवलंय.

प्रोपेन? ती विमानासारखी गरजते
आणि जळता जळता हवेत पाणी सोडते.
वॉल्टरच्या पटाशा बघून या,
एका हिवाळ्यात कोल्ह्याच्या रंगाच्या झाल्या.

हीट पंप उणे पंचविसाखाली हात टेकतो.
जानेवारीत इथे सगळेच टेकतात, तो म्हणाला.

मग जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या,
सगळ्यांत सरस, मी म्हटलं,
ऊब तळव्यांतून चढते, धूळ उडत नाही,
फक्त ही फरशी फोडावी लागेल.
तो कोपऱ्यात गेला. बुटाने भुसा सारला.
काँक्रीटमध्ये कुत्र्याचे पंजे, ओल्यातून पळत गेलेले,
शेजारी काडीने कोरलेलं साल: १९८१.
तो काही बोलला नाही.
मी त्या ओळीवर काट मारली.

तुम्हाला किती अंश हवेत?
मला? मला नकोत. सरसाला हवेत.
हाडांचा सरस, छोट्या भांड्यात, मधासारखा.
गार लाकडाला लागला की लगेच थिजतो,
सांधा वरून धरतो, आतून धरत नाही.
काही लग्नांसारखा, तो म्हणाला,
आणि घराच्या दिशेने बघायचं टाळलं.

त्याने शेवटी कपाट केलं.
प्लायवूडचं, आत दोन पिवळे बल्ब,
लाकूड तडकू नये म्हणून वाटीभर पाणी.
वाद्य मावेल एवढीच ऊब, इंचभरही जास्त नाही.
थर्मोस्टॅट कुठे बसवायचा ते मी
माझ्याच कोऱ्या अंदाजपत्रकाच्या पाठीवर काढून दिलं,
फुकट. कॉफी मात्र चांगली होती.

तिसऱ्या हिवाळ्यात फोन आला.
आवाज तोच, थोडा मागून येणारा.
सरसाचं भागलं, म्हणाला. आता बोटांचं बघ.

गेलो. दाराखाली रबर लावलेलं,
भिंतींत नवीन लोकर, एकही फट नाही,
सगळं मी सांगितलं होतं तसं.
आणि तो स्टुलावर,
कपाटात कोपरापर्यंत हात घालून,
अडलेल्या गाईला सोडवायला बसावं तसा.
समोर बल्बच्या उजेडात कोणाची तरी त्सिंबाली,
तिच्या शेजारी त्याचे दोन हात, शेकत.

छताला पॅनेल लावू, मी म्हटलं,
ते हवा तापवत नाही, खाली बसलेल्यालाच तापवतं.
वायर जुनी आहे, करवत चालू असेल तेव्हा बंद ठेवा.
करवत आता क्वचित, तो म्हणाला.

मी मोजलेलंच परत मोजलं.
आकडा लिहिला, कागद पुढे सरकवला.
त्याने खिडकीकडे पाहिलं.
काचेवर बर्फ होता,
आतल्या बाजूने.